संग्रहालयात काम शिकायचं, पण खर्च कोणी उचलायचा?

विषय शोधताना आपण बहुतेक वेळा वस्तूपासून सुरुवात करतो: पवनीचा स्तूप, माहुरझरीचे मणी, एखादा ताम्रपट. आज या वस्तू सांभाळायला शिकणाऱ्या माणसांच्या पैशाबद्दल बोलू. यातही चांगला प्रबंध आहे.

नागपूरचं मध्यवर्ती संग्रहालय, आपला अजब बंगला, १८६३ पासून उभा आहे. पुरातत्त्वाची पदवी आपल्या विद्यापीठात मिळते. पण नाण्याची नोंद कशी करायची, ताम्रपट कसा हाताळायचा, हे काही महिने रोज हाताने करूनच येतं. त्या महिन्यांचा खर्च कोण देणार?

यावर सरकारी उत्तर आहे शिकाऊ उमेदवारी. १९६१ च्या कायद्यात २०१४ ला दुरुस्ती झाली आणि बिगर-अभियांत्रिकी पदवीधरांनाही त्यात जागा मिळाली. २०१९ च्या नियमांनी पदवीधराला महिन्याला किमान ९,००० रुपये ठरवले. राष्ट्रीय शिकाऊ प्रशिक्षण योजनेत किमान रकमेतला निम्मा वाटा केंद्र उचलतं.

माझा आक्षेप इथे आहे. ही रचना कारखान्याकडे बघून केलेली आहे. ३० किंवा जास्त माणसं असतील तर उमेदवार घेणं बंधनकारक, ४ ते २९ असतील तर ऐच्छिक. एक लिपिक आणि एक पहारेकरी यांवर चालणारं गावचं संग्रहालय यात बसतच नाही. जे बसतं, त्याने उरलेले ४,५०० कुठून आणायचे? आणि शिकवणाऱ्याच्या वेळेचे पैसे कोण देणार?

ब्रिटनमध्ये हेरिटेज लॉटरी फंडाने २००९ मध्ये सुरू केलेल्या ‘स्किल्स फॉर द फ्यूचर’मध्ये विद्यावेतनासोबत प्रशिक्षण चालवण्याचा खर्चही संस्थांना मिळत होता. मात्र तो ठरावीक मुदतीचा निधी होता. पुढे नोकरीची हमी त्यातही नव्हती.

आपल्याकडे कनिष्ठ संशोधन अधिछात्रवृत्ती २०२३ पासून ३७,००० रुपये आहे. पात्रता वेगळी, त्यामुळे थेट तुलना करू नका. पण वस्तूवर लिहिणारा आणि वस्तू टिकवणारा यांच्यातलं अंतर त्यातून दिसतंच.

आता पद्धतीचा मुद्दा. अशा योजनांचं यश ‘किती जणांनी प्रशिक्षण पूर्ण केलं’ यावर मोजलं, तर फसगत होते. रामदासपेठेत घर असलेली मुलगी सहा महिने बिनपगारी इंटर्नशिप करू शकते. गडचिरोलीहून येऊन इथे खोली घेणारी बहुतेक वेळा अर्जच करत नाही, म्हणून ती आकडेवारीत कुठेच येत नाही.

तेव्हा आराखडा लिहिताना तीन गोष्टी विचारा: अर्ज कोणी केला नाही, मध्येच कोणी आणि का सोडलं, आणि दोन वर्षांनी याच क्षेत्रात कोण उरलं. पहिल्या प्रश्नाची माहिती योजनेच्या नोंदींत मिळणार नाही. त्यासाठी पदवीच्या शेवटच्या वर्षातल्या मुलामुलींकडे जावं लागेल. मेहनत जास्त आहे, पण तुमचं स्वतःचं योगदान तिथेच असेल.