पाण्याचा पांढरा

धबधब्याचे कृष्णधवल छायाचित्र हाती आले की आम्ही प्रथम त्यातील सर्वांत उजळ भागाकडे पाहतो. कड्याची भव्यता, झाडांची मांडणी, आकाशातील ढग हे सारे मागाहून. तिथे पाण्याची धार दिसते, की नुसता कोरा कागद उरला आहे, यावरच अशा चित्राचे बरेवाईट ठरते असे आमचे मत आहे. परीटघडीचा सदरा पांढराशुभ्र असतो. पण ते कापड आहे हे आपल्याला कळते ते चुण्यांमधल्या फिकट सावल्यांमुळे. पाण्याचेही तसेच.

या दृष्टीने अमेरिकन छायाचित्रकार ॲन्सेल ॲडम्स (१९०२-१९८४) यांचे ‘क्लिअरिंग विंटर स्टॉर्म’ हे चित्र पाहावे. कॅलिफोर्नियातील योसेमिटी दरीत हिमवादळ ओसरत असताना, १९३० च्या दशकात, ते टिपले गेले असे आता मानले जाते. (तारखा नोंदवून ठेवण्यात ॲडम्स फार निष्काळजी होते, त्यांच्या चित्रांच्या वर्षांबद्दल अभ्यासकांना बरीच डोकेफोड करावी लागली आहे.) मूळ प्रिंट पाहण्याचा योग आम्हांस आलेला नाही, चांगल्या छपाईच्या ग्रंथांतूनच आम्ही ते न्याहाळले आहे. डावीकडे एल कॅपिटनचा कडा, दरीभर रेंगाळणारे ढग, पुढे बर्फ अंगावर घेतलेली झाडे आणि उजवीकडे ब्राइडलव्हेल धबधब्याची उभी रेघ. धबधबा प्रत्यक्षात सुमारे १८८ मीटर उंचीचा. चित्रात मात्र त्याच्या वाट्याला फार थोडी जागा आली आहे. तरी नजर तिथे जाऊन थांबते. ढगाचा पांढरा मऊ, करड्यात विरघळणारा, बर्फाचा विखुरलेला, पाण्याचा मात्र काळ्या कातळावर ठाम उमटलेला. एकाच रंगाच्या या तीन जाती वेगळ्या राखणे, यातच आम्हांस या चित्राचे मोठेपण दिसते.

हे साधते कसे? प्रकाशमापक यंत्र भोळे असते. समोर काळा कातळ असो वा फेसाळ पाणी, ते त्याला मध्यम करडेच समजते. कातळावर मापन करून फोटो घेतला तर पाणी जळते. पाण्यावर केले तर पाणी राखेसारखे आणि कातळ डांबरासारखा होतो. ॲडम्स यांनी फ्रेड आर्चर यांच्यासह १९४० च्या सुमारास ‘झोन सिस्टिम’ मांडली, ती या भोळेपणावरचा उतारा म्हणून. पूर्ण काळ्यापासून पूर्ण पांढऱ्यापर्यंत शून्य ते दहा अशा अकरा पायऱ्या; एक पायरी म्हणजे प्रकाशाची दुप्पट. गडद कातळ तिसऱ्या पायरीवर ठेवावा आणि पाणी कुठे पडते ते पाहावे. सातव्या-आठव्या पायरीवर पडले तर धारा शाबूत राहतात. नवव्यावर गेले तर फिल्म धुताना डेव्हलपरमध्ये कमी वेळ ठेवावी. त्याने सावल्या फारशा हलत नाहीत, पण उजळ भाग खाली उतरतो.

निगेटिव्हवर धबधबा हाच सर्वांत काळा भाग असतो. तिथे चांदीचा थर फार दाट झाला, तर पुढे डार्करूममध्ये उपाय म्हणून त्या भागावर अधिक वेळ प्रकाश पाडावा लागतो. आकाशासारख्या रुंद भागाला हे चालते. धबधबा अरुंद, तो प्रकाश शेजारच्या कड्यावर सांडतो आणि धबधब्याच्या दोन्ही अंगांना काजळी धरल्यासारखी दिसते. नामवंतांच्या चित्रांतही आम्ही ही काजळी पाहिली आहे. म्हणून पाण्याचा बंदोबस्त निगेटिव्हमध्येच व्हावा.

ॲडम्स तरुणपणी पियानोवादक होण्याची तयारी करत होते आणि निगेटिव्हला ते संगीताची लिखित संहिता, प्रिंटला तिचे वादन मानत. उत्तरायुष्यात त्यांचे हे वादन अधिक चढ्या आवाजाचे झाले: काळे अधिक काळे, पांढरे अधिक तळपते. पुष्कळांना ते आवडते. आम्हांस त्यांचे पूर्वीचे सौम्य प्रिंट जवळचे वाटतात. त्यांत पाणी कोसळण्याआधी क्षणभर कड्याला धरून असल्याचा भास होतो.

आता आपली तरुण मंडळी पावसाळ्यात सह्याद्रीतील धबधब्यांवरून मोबाइलमध्ये ढीगभर चित्रे आणतात, आणि संगणकावर त्यांतील रंग काढून टाकतात. डिजिटल कॅमेऱ्याचा नियम फिल्मच्या उलट आहे: अंधारात दडलेले थोडेफार वर काढता येते, एकदा जळालेला पांढरा मात्र परत येत नाही. तेव्हा एक्स्पोजर पाण्याकडे पाहूनच ठरवावे. ढगाळ आकाशाची त्यांना आयती मदत असते. पण पाणी रेशमासारखे दिसावे म्हणून कित्येक सेकंद शटर उघडे ठेवण्याची जी हौस बोकाळली आहे, तिच्यात एक्स्पोजर बरोबर असूनही धारा एकमेकींत पुसल्या जातात. दुसरीकडे, जळू नये या धास्तीने संगणकावर पांढरा इतका खाली ओढतात की फेस मळक्या कापसासारखा होतो. त्यापेक्षा उडणाऱ्या चार-दोन थेंबांवर कागद कोरा राहिला तरी आमची तक्रार नाही. ऊन पडलेला थेंब डोळ्यालाही तसाच दिसतो.