'तयार आहे' हे सांगायचं कोणी?

मंडळी, भिवंडीत बोलतो आहोत, तर सुरुवात मागापासूनच करू. यंत्रमागावर बाण्याचा धागा तुटला की माग आपोआप थांबतो. चार माग सांभाळणाऱ्या कामगाराला प्रत्येकावर नजर खिळवून ठेवावी लागत नाही. यंत्र आपली अवस्था स्वतः सांगतं. वेब-ॲप्स ती सांगत नाहीत, आणि सांगतात तेव्हा पुष्कळदा चुकीची सांगतात, ही आमची आजची तक्रार.

आता बघा, पान उघडताना ब्राउझर दोन वर्द्या देतो. पहिली 'डोमकंटेंटलोडेड', म्हणजे एचटीएमएल वाचून झालं, पानाची रचना उभी राहिली. दुसरी 'लोड', म्हणजे चित्रं, स्टाइलशीटही आली. पान सर्व्हरवरूनच भरून यायचं तेव्हा एवढं पुरायचं. आजच्या सिंगल-पेज ॲपमध्ये मात्र 'लोड' होतं तेव्हा अनेकदा नुसता सांगाडा आलेला असतो. खरी माहिती जावास्क्रिप्ट नंतर मागवते. ब्राउझरचं काम झालं, आपलं कुठे झालं?

समजा, इथल्याच एखाद्या गोदामात कोणी मोबाइलवर साठा बघतोय. फिरणारं चक्र थांबलं आणि दिसलं, 'शिल्लक: 0'. माल खरंच संपला, की आकडा अजून यायचाय? दिसायला दोन्ही सारखंच. त्याने ट्रक रिकामा परत पाठवला, तर दोष कोणाचा? आमच्या मते, माहिती येण्याआधी शून्य दाखवणाऱ्याचा.

जेकब नीलसन यांनी 1993 मध्येच सांगितलं होतं की 1 सेकंदापर्यंत माणसाच्या विचाराची लय टिकते, 10 सेकंदांनंतर लक्ष उडतं. यातून आपण चक्रं फिरवायला शिकलो, करड्या पट्ट्या दाखवायला शिकलो. पण त्या फक्त 'येतंय' म्हणतात. 'आलं' कोण म्हणणार?

ते ॲपनेच म्हणायला हवं. कोणती माहिती आली की पान 'तयार', हे आधी ठरवा. तोवर आकड्याच्या जागी आकडा नको. माहिती आली की कितीपर्यंतचा साठा आहे ती वेळ लिहा. नाही आली, तर 'माहिती मिळाली नाही' असं सरळ लिहा. आणि ज्यांना पडदा दिसत नाही त्यांचं काय? त्यांच्यासाठी 'एरिया-बिझी' ही खूण वेळेवर काढा आणि स्क्रीन रीडरला ऐकू जाईल असा स्थितीचा संदेश द्या.

हे काम फार मोठं नाही हो. पण ते केलं नाही, तर आपला अंदाज समोरच्या माणसाला करावा लागतो, आणि त्याची किंमतही तोच मोजतो.