पग, झूझू आणि ग्राहक

नंदाखालच्या वाडीत रेंज शोधणाऱ्याला मोबाइल कंपन्यांच्या जाहिराती वेगळ्या दिसतात. हचच्या पगने २००३ साली सोबतीचे आश्वासन दिले. २००९ साली व्होडाफोनच्या झूझूंनी हसवले. कल्पकता होती, पण ती जाहिरातीत. जिओने २०१६ साली आवाजही फोर-जी डेटावरून नेला आणि कॉल फुकट केले. नवोन्मेष मी याला म्हणेन. ग्राहकसेवेचे काय? माझ्या मते ग्राहकाला खरे बळ कुठल्याच कंपनीने दिले नाही. ते जानेवारी २०११ मध्ये देशभर लागू झालेल्या, नंबर न बदलता कंपनी बदलण्याच्या सोयीने दिले. मात्र २०१८ मध्ये व्होडाफोन-आयडिया एक झाल्या. जायला दुसरे दारच उरले नाही, तर तक्रार कोण ऐकेल?