पन्नाशीची मंगळागौर

केदार शिंदे यांचा ‘बाईपण भारी देवा’ २०२३च्या जूनअखेरीस प्रदर्शित झाला. त्याची चर्चा झाली ती मुख्यतः गल्ल्याची आणि नटूनथटून घोळक्याने चित्रपटगृहात जाणाऱ्या स्त्रियांची. त्यातले खरे धाडस मात्र समीक्षेच्या नजरेतून निसटले, असे आम्हांस वाटते. मंगळागौर हे नवविवाहितेचे व्रत. लग्नानंतरची पहिली पाच वर्षे, श्रावणातल्या मंगळवारी करावयाचे. सौभाग्य आणि संतती या दोन मागण्यांसाठी. झिम्मा, फुगडी, पिंगा हे जागरणाचे खेळही त्या कोवळ्या वयाचेच. चित्रपटाने ते सहा बहिणींच्या हाती दिले, आणि त्यांतल्या बहुतेकींचे ते वय केव्हाच मागे पडलेले आहे. ज्या देहाकडून आता कुणाला काही मागावयाचे नाही, तो देह स्वतःसाठी नाचतो, ही कल्पना मोठी आहे.

परंतु कल्पनेला चित्रपट पुरा पडत नाही. रजोनिवृत्तीचा विषय निघतो. तोही संसाराच्या इतर तक्रारींच्या रांगेत, आणि लगेच मागे सरतो. स्पर्धा जिंकण्याची घाई असल्यावर मध्यरात्री घामाने भिजून जागी होणारी बाई कथेला परवडत नाही.

येथे ऋषिपंचमीची आठवण होते. आपल्या घरांतून हे व्रत रजोदोषाच्या परिमार्जनासाठी होत आले. बैलाच्या श्रमाचे काही खावयाचे नाही, ऋषीची भाजी करावयाची, आणि पाळी कायमची थांबल्यावर यथावकाश उद्यापन. म्हणजे परंपरेने या वळणाची दखल घेतली होती, पण दोष म्हणून. चित्रपट दोष पुसतो, आणि ते करताना वळणही पुसट करतो. दोहोंत अधिक प्रामाणिक कोण, हे सांगणे आम्हांस सोपे वाटत नाही.

शिवाय हे वळण सर्वांना एकाच वयात, एकाच वाटेने येत नाही. बीड जिल्ह्यातील ऊसतोडणी करणाऱ्या अनेक स्त्रियांची गर्भाशये ऐन तिशीत, काहींची त्याआधीही, काढली गेल्याचे २०१९ साली उजेडात आले आणि शासनाला चौकशी समिती नेमावी लागली. पाळीमुळे मजुरीचा दिवस बुडतो, हेही त्यामागचे एक कारण होते. गर्भाशयाबरोबर बीजकोशही गेले, तर रजोनिवृत्ती एका दिवसात येते. त्या बाईची मंगळागौर कोणत्या रंगमंचावर मांडणार?

हेमा राईरकर आणि गी पॉतवँ यांनी जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या खेडोपाडी जाऊन गोळा केल्या. त्या कामाची थोरवी संख्येत नाही, गाणारीचे नाव आणि गाव ओवीसोबत टिपण्यात आहे. स्त्रियांचा अनुभव सरसकट ‘बाईपण’ न होता अमक्या गावच्या अमकीचा राहतो, तो त्यामुळे.

माळव्यात आपल्या महिला मंडळांतून मंगळागौरीचे खेळ हौसेने होतात, आणि खेळणाऱ्या बहुधा पन्नाशीच्या पुढच्याच असतात. दोन फुगड्यांमध्ये दम घेण्यासाठी त्या बसतात, तेव्हा चाललेले हलक्या आवाजातले बोलणे आम्ही चित्रपटापेक्षा अधिक लक्ष देऊन ऐकले असते. ते कुणी अद्याप लिहून घेतलेले नाही, आणि ज्यांनी ऋषिपंचमीचे उद्यापन मनोभावे केले, त्या आता नव्वदीला टेकल्या आहेत.