शैवालाधारित जैवशोषण आणि विदर्भातील राखेचे पाणी : एक चिकित्सा

जड धातूंनी दूषित झालेले पाणी शैवालाच्या साहाय्याने शुद्ध होते, हे विधान संशोधनपर लेखनात आता गृहीतकासारखे वापरले जाते. बोहुमिल वोलेस्की यांनी १९९० मध्ये संपादित केलेल्या ग्रंथाने या विषयाला शिस्त दिली, हे मान्यच आहे. कोकणच्या खडकाळ किनाऱ्यावर वाढणाऱ्या सरगॅसम या तपकिरी शैवालाच्या पेशीभित्तिकेत अल्जिनेट असते. त्यातील ऋणभारित कार्बोक्सिल गट शिसे, तांबे, कॅडमियम यांचे धनभारित आयन धरून ठेवतात. त्यासाठी मृत, वाळवलेले शैवालही पुरते.

विदर्भाचा प्रश्न मात्र येथेच वेगळा ठरतो. जुलै २०२२ मध्ये कोराडी वीज केंद्राचा खसाळा येथील राखबंधारा फुटून राखमिश्रित पाणी परिसरात पसरले. कोळशाच्या राखेतून पाण्यात उतरणारे आर्सेनिक बहुधा आर्सेनेटच्या, म्हणजे ऋणभारित रूपात असते. ऋणभारित गट त्याला धरणार कसा? अल्जिनेटला लोहाची जोड दिल्यास आर्सेनेट धरले जाते, हे खरे. पण मग श्रेय शैवालाचे की लोहाचे? शिवाय राखेतून येणारे कॅल्शियम त्याच जागांसाठी स्पर्धा करते. ऊर्ध्वपातित पाण्यात एकच धातू विरघळवून काढलेल्या टक्केवारीत ही स्पर्धा दिसत नाही; तरीही 'औद्योगिक सांडपाण्यासाठी उपयुक्त' असा निष्कर्ष बिनदिक्कत काढला जातो. संपृक्त शैवाल आम्लाने धुतल्यावर उरणाऱ्या विषारी द्रावाचा उल्लेखही अनेकदा एका वाक्यात उरकलेला असतो. निदान आपल्या भागातील अभ्यासकांनी राखतळ्याचे प्रत्यक्ष पाणी घेऊन, त्याचा सामू न बदलता, प्रयोग करावेत.