यूटोपियाला परराष्ट्र खातं का नाही?

गेल्या व्याख्यानात आपण यूटोपिया आतून पाहिला. सहा तासांचं काम, दारांना कुलपं नाहीत, दर दहा वर्षांनी चिठ्ठ्या टाकून घरांची अदलाबदल. आज त्याच देशाकडे शेजाऱ्याच्या बाजूने बघू. देश काल्पनिक असला म्हणून काय झालं, शेजारी त्यालाही आहेतच.

आधी लेखकाची परिस्थिती लक्षात घेऊ. १५१५ च्या मे महिन्यात टॉमस मोर इंग्लंडच्या राजाचा वकील म्हणून फ्लँडर्सला गेला. (वकील हा शब्द आपण पेशवाईतल्या अर्थाने घेतोय, कोर्टातल्या नव्हे. तसा मोर दोन्ही होता.) काम होतं व्यापारी कराराचं. बोलणी अडली, समोरची मंडळी आपल्या राजपुत्राचा कौल घ्यायला ब्रसेल्सला गेली, आणि मोर अँटवर्पला. त्या मोकळ्या दिवसांत यूटोपियाचं वर्णन आकाराला आलं. १५१६ साली पुस्तक लूव्हेनला लॅटिनमध्ये छापलं गेलं. आणि गंमत बघा, करार करायला गेलेल्या माणसाने कल्पिलेला देश कुणाशीच करार करत नाही.

का करत नाही? याचं उत्तर हलक्यात घेण्यासारखं नाही. यूटोपियन लोकांचं म्हणणं असं, की माणसाला माणसाशी निसर्गानेच बांधलंय. तहनामा लिहायचा म्हणजे कबूल करायचं, की तो नसता तर आपण एकमेकांचे वैरीच असतो. शिवाय कागदाला पळवाटा असतात. मोरच्या डोळ्यांसमोर ताजी उदाहरणं होती. १५०८ साली व्हेनिसविरुद्ध कांब्रेची युती झाली, तिच्यात पोप दुसरा ज्यूलियस सामील झाला. १५१० मध्ये तोच पोप व्हेनिसच्या बाजूला! तेव्हा युरोपात पोप आणि राजे करार किती पवित्र मानतात असं पुस्तकात म्हटलंय, ते उपहासाने, हे सांगायला नको.

पण मग या देशाचे परराष्ट्र व्यवहार चालतात कशावर? आम्ही म्हणू, तिजोरीवर. वेगळं खातं मोरने वर्णिलेलं नाही, पण सोनं घरात तुच्छ मानायचं, त्याची मूत्रपात्रं आणि गुलामांच्या बेड्या करायच्या, आणि तेच सोनं युद्धासाठी जपून ठेवायचं, ही व्यवस्था तपशिलाने सांगितली आहे. माल परदेशी उधारीवर विकतात. येणं सहसा मागत नाहीत, युद्ध आलं की मागतात. शत्रूच्या राजाला मारणाऱ्यासाठी बक्षिसाची पत्रकं त्याच्याच मुलखात गुपचूप लावतात. लढायला आधी झापोलेट नावाचे भाडोत्री डोंगरी लोक. ते कितीही मेले तरी यूटोपियाला सोयरसुतक नाही, उलट पृथ्वी स्वच्छ झाली असंच त्यांना वाटतं. स्वतःचे नागरिक सगळ्यात शेवटी.

आणि लोकसंख्या वाढली की मुख्य भूमीवर वसाहत. तिथले लोक सामील झाले तर उत्तम. नाही झाले तर हाकलायचं, विरोध केला तर युद्ध. कारण काय, तर ते जमीन पडीक ठेवतात! पुढे अमेरिकेतल्या जमिनीबद्दल लॉकने केलेला युक्तिवाद याच्या फार जवळचा आहे.

आता त्या हाकललेल्या माणसाने दाद कुठे मागायची? तह झालेला नाही, म्हणजे तहभंगही नाही. यूटोपियाने शब्द मोडला असं कुणालाच म्हणता येत नाही, कारण तो कधी दिलेलाच नाही. निसर्गाचं नातं पुरेसं आहे हे बरोबरीच्या दोघांत ठीक. दुबळ्याला कागद लागतो. पळवाटा असलेला का होईना, पण लागतो. आणि निसर्ग काय म्हणतो हे ठरवणार कोण? यूटोपियाच.

इथे कौटिल्य आठवतो. त्याला आपण निष्ठुर व्यवहारवादी म्हणून मोडीत काढतो. विष, गुप्तहेर, भेद हे सगळं त्याच्याकडे आहेच. पण अर्थशास्त्राच्या सातव्या अधिकरणात संधीची चर्चा करताना जुने आचार्य म्हणतात, शपथेचा तह डळमळीत, ओलीस ठेवून केलेला पक्का. कौटिल्य ते नाकारतो. त्याच्या मते शब्द किंवा शपथ या लोकी आणि परलोकीही बांधते. ओलिसाचं मोल ताकदीवर अवलंबून. म्हणजे निष्ठुर म्हणवला जाणारा शब्दाला मोजतो, आणि आदर्श देश शब्दच देत नाही.

कुणी म्हणेल, हे सगळंच उपरोधाने लिहिलंय. हिथ्लोडे या निवेदकाच्या नावाचाच अर्थ थापाड्या असा होतो ना! होतो. पण घरातली समता गंभीरपणे घ्यायची आणि वेशीबाहेरची हिंसा तेवढी विनोद म्हणून सोडायची, ही सोय वाचकाला कुणी दिली? ती समता टिकते ती बाहेर पैसे टाकून मरायला माणसं मिळतात म्हणून.

अनेमोलियाच्या वकिलांचा प्रसंग सगळ्यांना आठवतो. सोन्याने मढून आलेल्या वकिलांना लोक गुलाम समजतात आणि नोकरांना मुजरे करतात. आपण हसतो. पण एक-दोन दिवसांनी पोशाख कोण बदलतं? पाहुणे. यजमानांना त्या भेटीत काहीच बदलावं लागत नाही, पाहुण्यांकडून काही शिकावंही लागत नाही.

राजाच्या पदरी राहून सल्ला द्यावा की दूर राहावं, हा पहिल्या भागातला वाद आपण पुढच्या वेळी घेऊ. मोरच्या पुढच्या आयुष्यात तोच प्रश्न जिवावर आला.