प्रवासवर्णनांतील जनावरें आणि नगरें

पाचोडचे एक मोसंबीचे बागाईतदार आमच्या परिचयाचे आहेत. मुलाच्या आग्रहामुळें जुलै महिन्यांत सपत्नीक केनियास जाण्याचें त्यांनीं ठरविलें, आणि निघण्यापूर्वीं वाचावयास एखादें मराठी पुस्तक द्या, असें ते आम्हांस म्हणाले. सिंहही पाहावयाचे आणि मोंबासाचें जुनें शहरही पाहावयाचें, असा त्यांचा दुहेरी संकल्प होता. आम्ही कपाट उघडलें आणि कुंठित झालों.

मराठी प्रवासलेखकाचा जीव रमतो तो माणसांत. अनंत काणेकरांचें ‘धुक्यातून लाल ताऱ्याकडे’ (१९४०) एका नव्या समाजाच्या कुतूहलावर उभें आहे. पु. ल. देशपांडे यांनीं ‘अपूर्वाई’ंत (१९६०) परदेशाच्या निमित्तानें स्वतःचीच थट्टा केली. त्या थट्टेमागें पाहणारा डोळा होता. अनुकरण करणारांनीं थट्टा तेवढी उचलली. २०२५ सालीं दिवंगत झालेल्या मीना प्रभु यांनीं ‘तुर्कनामा’, ‘इजिप्तायन’ यांसारख्या पुस्तकांत नगरांकरितां कसून तयारी केली, हें कोणीही मान्य करील.

जनावरांकडे वळतांच मात्र आमच्या बहुतेक लेखकांची लेखणी हिशेबनीस बनते. सिंह, हत्ती, गेंडा, बिबळ्या आणि रानरेडा हे पांच पाहिले, कीं सफर सफळ झाली! ही यादी मूळ शिकाऱ्यांची. पायीं शिकार करतांना जीं जनावरें अत्यंत घातुक ठरत, तीं हीं पांच. बंदूक गेली, कॅमेरा आला, यादी तीच राहिली. आणि आमच्या लेखकास तिचा संशयही येत नाहीं. दहा लाखांहून अधिक नू हरणें पावसाच्या व गवताच्या मागें सेरेंगेटी आणि मारा यांमध्यें दरवर्षीं फिरतात. मेंढरें घेऊन गांवोगांव हिंडणारे धनगर ज्यानें पाहिले आहेत, त्या मराठी लेखकास येथें किती सांगतां येईल! तो मात्र नदींतील सुसरींचें छायाचित्र किती वाजतां मिळालें, तें सांगतो.

व्यंकटेश माडगूळकर यांचें तसें नव्हतें. ‘बनगरवाडी’च्या लेखकानें ऑस्ट्रेलियावर लिहिलें आणि पुस्तकास नांव दिलें ‘पांढरी मेंढरे हिरवी कुरणे’. शीर्षकाचा मान मेंढरांस मिळावा, यांतच त्यांची दृष्टि कळते.

दुसरा दोष याहून खोल आहे. जनावरें एका प्रकरणांत आणि नगरें दुसऱ्यांत, अशी आमच्या लेखकांनीं वाटणी करून टाकली आहे. पहिल्या शतकांतील एका अनामिक ग्रीक व्यापाऱ्यानें लिहिलेली ‘पेरिप्लस’ ही सागरप्रवासाची पोथी पाहा. आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यावरील राप्टा बंदरांतून हस्तिदंत, गेंड्याचें शिंग व कांसवाची पाठ मिळते, असें तींत नोंदलें आहे. म्हणजे त्या किनाऱ्यावरील पेठा हत्तींच्या सुळ्यांवर भरत होत्या. आणि त्याच पोथींत आमचें पैठणही आहे! तेथील मौल्यवान दगड गाड्यांतून, रस्ते नसलेल्या मुलुखांतून, भडोचच्या बंदरास जात असे. पाचोड ज्या तालुक्यांत आहे, त्याच तालुक्याचें हें पैठण. मोंबासाचा येशूचा किल्ला पोर्तुगीजांनीं १५९३ सालीं बांधावयास घेतला. त्याचा रचनाकार कैराती हा इटालियन स्थपति हिंदुस्थानांत पोर्तुगीजांच्याच चाकरींत होता. असे धागे हातीं असतां आमचा लेखक हॉटेलांतील न्याहारीचें वर्णन करतो.

प्रवासी मौजेसाठीं जातो, विद्वत्तेसाठीं नव्हे, असें कोणी म्हणेल. पण आमची तक्रार मौज कमी पडते अशीच आहे.

अखेर आम्हीं माडगूळकर दिले आणि ‘पेरिप्लस’चें शॉफकृत इंग्रजी भाषांतर (१९१२) मुलाच्या हवालीं केलें. गृहस्थ ऑगस्टांत परत आले. गेंडा कांहीं दिसला नाहीं, हें त्यांनीं एका वाक्यांत उरकलें. नूंचा कळप नदीच्या कांठीं तासन् तास कसा अडून राहतो, पुढचें जनावर पाऊल घालतें व मागें घेतें, आणि एकानें उडी टाकतांच सारे कसे लोटतात, हें मात्र ते अर्धा तास सांगत होते. मध्यें तीनदां मेंढरांची उपमा आली. हें तुम्हीं लिहून काढा, असें आम्हीं म्हटलें.

“आंबे बहाराचीं फळें उतरूं द्या, प्राध्यापकसाहेब,” ते म्हणाले, “मग बघूं.”